पार्किन्सन्स आधीच ओळखता येईल का? कंपवाताच्या खुणांचा शोध कुठवर आला आहे

‘रक्ताच्या एका चाचणीतून सात वर्षं आधीच कळणार पार्किन्सन्स!’ २०२४ च्या जूनमध्ये ही बातमी जगभर फिरली. ज्यांच्या घरात कंपवाताचं माणूस आहे, त्यांच्या फोनवर ती चार-चार ठिकाणांहून आली. मुलगा किंवा सून ती न्यूरॉलॉजिस्टना दाखवते आणि डॉक्टर शांतपणे म्हणतात, ‘अशी चाचणी अजून आपण वापरत नाही.’ घरचे खट्टू होतात. बातमी खोटी होती का? नव्हती. डॉक्टर मागासलेले आहेत का? तेही नाही. लंडन आणि जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या संशोधकांनी रक्तातली ८ प्रथिनं मोजून खरोखरच असा अंदाज बांधला होता. पण तो ताडून पाहिला होता ७२ माणसांवर. तीही साधी निरोगी माणसं नव्हती. त्या सगळ्यांना झोपेचा एक विशिष्ट विकार आधीपासून होता. त्यातल्या ज्या १६ जणांना पुढे पार्किन्सन्स किंवा त्याच्या कुळातला आजार झाला, त्यांचा अंदाज बरोबर आला. प्रयोगशाळेतून आलेली ही आशादायक बातमी होती, पण ओपीडीपर्यंतचा रस्ता अजून बाकी आहे. तो इतका लांब का आहे आणि तरी त्यावर चालत राहणं का गरजेचं आहे, ते समजून घेऊ.

आज निदान होतं कसं?

मधुमेह रक्तातल्या साखरेवरून कळतो, थायरॉईड टीएसएचवरून. पार्किन्सन्सचं निदान मात्र आजही मुख्यतः डॉक्टरांच्या डोळ्यांवर चालतं. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भराभर टेकवायला सांगतात. सुरुवातीला बोटं नीट उघडतात, मग प्रत्येक वेळी थोडी कमी. चालताना एक हात झुलत नाही. सही बारीक होत गेलेली असते. हालचाल मंदावणं हे मुख्य लक्षण. त्याच्या जोडीला कंप किंवा स्नायूंचा ताठरपणा. मग लेवोडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची गोळी सुरू करतात आणि ठळक फरक पडला की निदानाला बळ येतं. एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो. तो काढतात दुसरं काही नाही ना, हे पाहायला.

लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये सहा रुग्णांचं वर्णन करून या आजाराची ओळख करून दिली. दोनशे वर्षांत औषधं आली, शस्त्रक्रिया आली, पण निदानाची मुळातली पद्धत फारशी बदललेली नाही. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार डॉक्टरांचं निदान सुमारे ८० टक्के वेळा अचूक ठरतं, म्हणजे पाचातलं एक चुकतं. यात डॉक्टरांना दोष देण्यासारखं काही नाही. हात थरथरण्याची कारणं अनेक असतात. कुणाला घराण्यात चालत आलेला साधा कंप असतो. कुणाला पित्तावरच्या किंवा उलटीवरच्या गोळ्यांनी पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. आपल्याकडे पित्ताच्या जोडगोळ्यांमध्ये सर्रास असणारं लेवोसल्पिराइड त्यात येतं, मेटोक्लोप्रामाइडही येतं, आणि लोक ती महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने घेत राहतात. म्हणून पहिल्या भेटीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, अगदी पित्ताचीही. कुठल्याही नव्या चाचणीइतका उपयोग या पिशवीचा होतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. आपली हालचाल सहज व्हावी म्हणून मेंदूच्या तळाशी असलेल्या काळसर रंगाच्या एका छोट्या भागातल्या पेशी डोपामाइन नावाचं रसायन तयार करतात. पार्किन्सन्समध्ये या पेशी मरत जातात. हाताला पहिला कंप येतो तोवर त्यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पेशी गेलेल्या असतात. म्हणजे ज्याला आपण ‘सुरुवातीचा पार्किन्सन्स’ म्हणतो, त्यात सुरुवातीचं काही उरलेलं नसतं.

बायोमार्कर म्हणजे नेमकं काय?

शरीरातली जी गोष्ट मोजता येते आणि जी मोजल्यावर आजाराबद्दल विश्वासार्ह काही कळतं, ती बायोमार्कर. या लेखात तिला आपण ‘खूण’ म्हणू. एका खुणेकडून आपण तीन वेगवेगळ्या अपेक्षा ठेवतो आणि सगळा घोळ तिथेच होतो. पहिली अपेक्षा, आजार आहे की नाही हे सांगावं. दुसरी, तो पुढे होणार आहे का हे सांगावं. तिसरी, आहे तो आजार किती पुढे सरकला किंवा औषधाने थांबला का, हे सांगावं. मधुमेहात तीनही कामं बऱ्यापैकी साखरच करते, त्यामुळे आपल्याला वाटतं की खूण एकच असते. पार्किन्सन्समध्ये पहिल्या कामाची खूण आता हाताशी येते आहे, दुसऱ्याची अर्धवट आली आहे, आणि औषध शोधणाऱ्यांना जिची सर्वांत जास्त गरज आहे ती तिसरी अजून सापडायची आहे.

स्कॅन आहे ना?

आहे. एक सौम्य किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन डोपामाइनच्या पेशींची टोकं किती शाबूत आहेत हे पाहणारा स्कॅन निघतो. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे मोठ्या शहरांत ट्रोडॅट स्कॅन आणि एफ-डोपा पेट स्कॅन होतात. साधा कंप किंवा गोळ्यांमुळे आलेली लक्षणं आणि खरा पार्किन्सन्स यांतला फरक सांगायला ते उपयोगी पडतात. पण पेशी कमी झाल्या एवढंच स्कॅन सांगतो, का झाल्या ते सांगत नाही. पार्किन्सन्ससारखे दिसणारे, पण जास्त वेगाने वाढणारे आणि लेवोडोपाला फारशी दाद न देणारे काही आजार आहेत. त्यांतही स्कॅन असाच येतो.

विरजणासारखं वागणारं प्रथिन

१९१२ मध्ये जर्मनीत फ्रिडरिश लेवी यांना मृत रुग्णांच्या मेंदूतल्या पेशींमध्ये गोल गोळे दिसले. त्यांना आज लेवी बॉडीज म्हणतात. ते कशाचे बनलेले आहेत हे कळायला पुढची ८५ वर्षं लागली. १९९७ मध्ये इटलीतल्या कोंतुर्सी गावाशी नातं असलेल्या एका मोठ्या कुटुंबात, जिथे पिढ्यान्‌पिढ्या पार्किन्सन्स होत होता, एका जनुकातला बिघाड सापडला. ते जनुक अल्फा-सायन्यूक्लिन नावाचं प्रथिन बनवतं. त्याच वर्षी केंब्रिजच्या गटाने दाखवलं की लेवींचे गोळे याच प्रथिनाने भरलेले असतात.

हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतं आणि एरवी निरुपद्रवी असतं. प्रथिनाचं काम त्याच्या घडीवर अवलंबून असतं. कधीतरी एखाद्या रेणूची घडी चुकते आणि तो शेजारच्या चांगल्या रेणूंनाही तशीच चुकीची घडी घालायला लावतो. पातेलंभर दुधाला चमचाभर विरजण लागलं की जे होतं, तेच इथे होतं. दूध तेच, भांडं तेच, पण एकदा सुरुवात झाली की सगळं बदलत जातं. फरक इतकाच की दही रात्रीत लागतं आणि मेंदूत या गोष्टीला वर्षानुवर्षं लागतात.

हे विरजण पेशीतून पेशीत जातं याचा अनपेक्षित पुरावा २००८ मध्ये मिळाला. काही रुग्णांच्या मेंदूत दहा वर्षांहून अधिक काळापूर्वी गर्भातल्या ताज्या पेशींचं रोपण केलेलं होतं. त्यांच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा त्या तरुण, उसन्या पेशींतही लेवींचे गोळे सापडले. इथे अनेकांच्या मनात भीती येते म्हणून स्पष्ट लिहितो: हा प्रसार एकाच माणसाच्या मेंदूतला आहे. रुग्णाला हाताने भरवल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याच्या शेजारी झोपल्याने पार्किन्सन्स होत नाही.

आता चाचणी. विरजण इतकं थोडं असतं की ते थेट दिसत नाही. मग संशोधकांनी उलटा मार्ग घेतला. रुग्णाच्या पाठीच्या मणक्यातलं थोडं पाणी काढायचं. प्रयोगशाळेत बनवलेलं शुद्ध, चांगलं अल्फा-सायन्यूक्लिन छोट्या खळग्यांत घ्यायचं. त्यात ते पाणी मिसळायचं आणि काही दिवस हलवत ठेवायचं. सोबत एक रंगद्रव्य टाकायचं, जे चुकीच्या घडीच्या धाग्यांना चिकटलं की चमकतं. चमकलं, तर पाण्यात विरजण होतं. नाही चमकलं, तर नव्हतं. ही युक्ती मूळची प्रिऑन नावाच्या प्रथिनांमुळे होणाऱ्या दुर्मीळ मेंदूविकारांच्या अभ्यासातली.

२०२३ मध्ये ही चाचणी १,१२३ जणांवर करून पाहिल्याचा निकाल आला. अभिनेता मायकल जे. फॉक्स याला ऐन तिशीच्या उंबरठ्यावर पार्किन्सन्स झाला. त्याने काढलेल्या संस्थेच्या पैशातून २०१० पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासातली ही माणसं होती. पार्किन्सन्स असलेल्या सुमारे ८८ टक्के लोकांत चाचणी पॉझिटिव्ह आली. निरोगींपैकी ९६.३ टक्क्यांत ती निगेटिव्ह आली. वास घेण्याची क्षमता कमी झालेल्या, नेहमीच्या प्रकारच्या रुग्णांत तर ती ९८.६ टक्के पॉझिटिव्ह होती. आणि ज्यांना अजून पार्किन्सन्स नव्हता, पण वास जाणं किंवा झोपेचा विकार होता, अशा ५१ जणांपैकी ४४ जणांत विरजण आधीच हजर होतं. माझ्या मते कंपवाताच्या संशोधनातली लेवोडोपानंतरची ही सर्वांत मोठी पायरी आहे. जिवंत माणसात, कंप येण्याच्या आधी, आजाराचं मूळ द्रव्य पहिल्यांदाच खात्रीने पकडता आलं.

पाठीतलं पाणी? नको रे बाबा

‘पाठीतून पाणी काढलं की पाय लुळे पडतात’ ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. सुई जिथे घालतात, त्याच्या बऱ्याच वर मज्जारज्जू संपलेला असतो. काहींचं दोन-चार दिवस डोकं दुखतं, हा मुख्य त्रास. तरी दर सहा महिन्यांनी सुई टोचून घ्यायला कोण तयार होईल? म्हणून सोपी जागा शोधणं सुरू आहे.

कातडीत बारीक नसा असतात आणि त्यांतही हे प्रथिन साठतं. २०२४ मध्ये अमेरिकेत ४२८ जणांच्या मानेजवळच्या, मांडीच्या आणि घोट्याच्या वरच्या कातडीचे तांदळाएवढे तुकडे तपासले. पार्किन्सन्सच्या ९२.७ टक्के रुग्णांत साठा सापडला, निरोगींत ३.३ टक्के जणांत. जपानमध्ये रक्तातलं विरजण गाळून घेऊन तीच चमकण्याची चाचणी करायचे प्रयत्न झाले आहेत. रक्तात ते फारच विरळ असतं, त्यामुळे हे काम अवघड आहे.

आणि मग जॉय मिल्न. स्कॉटलंडमधल्या या परिचारिकेला नवऱ्याच्या अंगाला येणारा वास बदलल्याचं जाणवलं. त्याला पार्किन्सन्स आहे हे कळलं त्यानंतर दहा-बारा वर्षांनी. पुढे रुग्णांच्या एका मेळाव्यात तोच वास तिला अनेकांच्या अंगाला आला, तेव्हा तिने एडिंबरामधल्या टिलो कुनाथ या शास्त्रज्ञाला सांगितलं. त्यांनी बारा टीशर्ट हुंगायला दिले, सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी माणसांचे. तिने सगळे रुग्ण ओळखले, फक्त एका निरोगी माणसाच्या टीशर्टलाही वास आहे म्हणाली. आठ महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सन्सचं निदान झालं. मँचेस्टरच्या पर्डिटा बॅरन यांच्या गटाने मग पाठीच्या वरच्या भागातल्या तेलकट स्रावातली रसायनं शोधायला घेतली आणि २०१९ मध्ये पहिले निष्कर्ष छापले. कापसाचा बोळा पाठीवरून फिरवून पोस्टाने पाठवायचा, एवढी सोपी चाचणी झाली तर ती आपल्या तालुक्याच्या गावालाही परवडेल. मला सगळ्यांत जास्त आशा या वाटेची वाटते. एका बाईचं म्हणणं शास्त्रज्ञांनी वेडगळ म्हणून उडवून लावलं नाही, हेही विसरू नये.

झोपेतल्या लाथा

काही खुणा प्रयोगशाळेबाहेर, आपल्या घरातच असतात. स्वप्न पाहत असताना आपलं शरीर एरवी ढिलं पडलेलं असतं. काहींच्या बाबतीत तसं होत नाही आणि ते स्वप्नातली मारामारी प्रत्यक्षात करतात: ओरडतात, लाथा झाडतात, पलंगावरून पडतात. वर आलेला झोपेचा विकार तो हाच. तज्ज्ञांनी झोपेची रात्रभर तपासणी करून हा विकार निश्चित केलेल्या १,२८० जणांचा २४ केंद्रांनी मिळून पाठपुरावा केला. बारा वर्षांच्या अंती सुमारे ७३ टक्के लोकांत पार्किन्सन्स किंवा त्याच्या कुळातला आजार दिसेल, असा त्यातला हिशोब. हा आकडा घाबरवणारा आहे, पण तो रोज लाथा झाडणाऱ्या, तपासणीत सिद्ध झालेल्या विकाराचा आहे. कधीमधी झोपेत बडबडणाऱ्याचा नाही.

वास न येणं आणि जुनाट बद्धकोष्ठता याही अनेकांत फार आधीपासून असतात. पण बद्धकोष्ठता कुणाला नसते? एकटं कुठलंही लक्षण धरून बसू नये. फोडणीचा वास कळत नाही, झोपेत हातपाय झाडले जातात आणि चालताना एक हात मागे पडतो, असं एकत्र दिसलं तर मात्र न्यूरॉलॉजिस्टना भेटावं. झोपेतल्या हालचालींचा मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यावा.

मग साठीनंतर सगळ्यांचीच तपासणी का करू नये?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर साध्या गणितात आहे. साठीच्या पुढच्या हजार लोकांची विरजणाची चाचणी केली असं धरा. त्यात पार्किन्सन्स साधारण एक टक्का, म्हणजे १० जणांना. चाचणी त्यातल्या ९ जणांना पकडेल. उरलेले ९९० निरोगी. त्यात चूक फक्त ३.७ टक्के, तरी ती होते ३७ माणसं. पॉझिटिव्ह आलेल्या ४६ जणांपैकी आजारी असतील फक्त ९. बाकीचे ३७ जण उरलेलं आयुष्य स्वतःच्या हाताकडे बघत काढणार. त्यातल्या काहींमध्ये विरजण खरंच असेलही. पण शवविच्छेदनांत असे वृद्ध सापडतात, ज्यांच्या मेंदूत लेवींचे गोळे होते आणि हयातीत एकही लक्षण नव्हतं. कुणाचं दूध नासणार आणि कुणाचं मरेपर्यंत टिकणार, हे आज सांगता येत नाही.

२०२४ मध्ये शास्त्रज्ञांच्या दोन गटांनी सुचवलं की यापुढे पार्किन्सन्सची व्याख्या लक्षणांवरून न करता या जैविक खुणेवरून करावी. संशोधनापुरतं ते मला पटतं. दवाखान्यात मात्र, धडधाकट माणसाला ‘तुम्हाला हा आजार आहे’ असं सांगायची घाई नको. ते ऐकल्यावर त्याच्या नोकरीचं, विम्याचं, मुलीच्या लग्नाच्या बोलणीचं काय होतं, ते आपल्या समाजात राहणाऱ्याला सांगायला नको.

औषधच नाही, तर कळून काय उपयोग?

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आजची औषधं लक्षणं कमी करतात; पेशींचं मरण थांबवणारं एकही सिद्ध औषध नाही. मग खूण कशाला शोधायची? उत्तर असं की खूण नाही म्हणूनच औषध सापडणं इतकं अवघड झालं आहे.

लेवोडोपावरच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १४२ रुग्णांचे स्कॅन काढले होते. त्यातल्या २१ जणांचा स्कॅन नॉर्मल निघाला. तज्ज्ञांनी तपासून घेतलेली ही माणसं, पण त्यातल्या सातात एकाला बहुधा पार्किन्सन्स नव्हताच. ज्याला आजारच नाही त्याच्यावर औषध चाललं की नाही, हे कसं ठरवणार? पुढे अल्फा-सायन्यूक्लिनला पकडणारी दोन प्रतिपिंड-औषधं, सिनपॅनेमॅब आणि प्रॅसिनेझुमॅब, मोठ्या चाचण्यांत उतरली. २०२२ मध्ये निकाल लागला; दोन्हींना मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. औषध निकामी होतं, की फार उशिरा दिलं गेलं, की मोजमाप अपुरं पडलं? मोजमाप म्हणजे डॉक्टरांनी दिलेले गुण. रुग्ण रात्री नीट झोपला होता की नाही, गोळी कधी घेतली होती, यावरही ते वरखाली होतात. आजार वर्षाला थोडाच सरकतो, त्यामुळे फरक दिसायला शेकडो रुग्ण आणि कित्येक वर्षं लागतात.

एचआयव्हीच्या रुग्णात विषाणू किती आहेत हे रक्तातून मोजता येऊ लागलं, तेव्हा औषध काम करतंय का हे काही आठवड्यांत कळू लागलं आणि त्या औषधांचा वेग बदलला. पार्किन्सन्सला तशी मोजपट्टी हवी आहे. विरजणाची चाचणी आज ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते. चमचाभर होतं की वाटीभर, ते खात्रीने सांगत नाही. तरी अर्ध काम ती आजच करू शकते: योग्य माणसं निवडण्याचं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०२४ मध्ये औषधचाचण्यांत तिच्या अशा वापराला पाठिंबा दिला आहे.

आपल्याकडचं काय?

खूण सगळ्यांत सारखी नसते. एलआरआरके२ नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे ज्यांना पार्किन्सन्स होतो, त्यांच्यापैकी विरजणाची चाचणी फक्त ६७.५ टक्के जणांत पॉझिटिव्ह आली. म्हणजे काहींच्या पेशी विरजणाशिवायच मरतात. या जनुकातला सर्वांत माहितीचा बिघाड उत्तर आफ्रिकेतले अरब आणि पूर्व युरोपीय मूळ असलेल्या ज्यूंमध्ये बऱ्याच रुग्णांत आढळतो. भारतीय रुग्णांत तो विरळा. याउलट मुंबईतल्या पारशी वस्त्यांचं सर्वेक्षण करून १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाखामागे ३२८ रुग्ण आढळले होते. हे प्रमाण खूपच जास्त आहे. समाजागणिक आजाराचा पोत बदलतो, आणि वर दिलेले बहुतेक आकडे मात्र गोऱ्या, युरोपीय वंशाच्या स्वयंसेवकांचे आहेत. तिकडे ठरलेली मर्यादा इथे तशीच लागू पडेल असं धरून चालणार नाही. भारतीय माणसांची कातडी, रक्त, पाठीतलं पाणी इथे तपासावं लागेल.

त्यासाठी माणसं पुढे यावी लागतात, आणि ती फक्त रुग्ण असून भागत नाही. निरोगी जोडीदार, बहीण, शेजारी यांचे नमुने नसतील तर तुलना कुणाशी करणार? शिवाय कुठलीही खूण खरी की खोटी हे शेवटी मृत्यूनंतर मेंदू पाहूनच ठरतं. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेत मेंदूपेढी आहे. नेत्रदानाचा अर्ज भरलेली अनेक घरं आपल्या ओळखीत असतात, पण मेंदूदान करता येतं हे फार थोड्यांना माहीत आहे. ज्यांच्या घरी कंपवाताचं माणूस आहे त्यांनी या विषयावर त्याच्याशी, त्याचा आवाज आणि विचार शाबूत असतानाच, एकदा मोकळेपणाने बोलावं. निर्णय त्याचा असावा.